भुलीच्या डॉक्टरांना काय सांगायचं?

मोरा बंदरावरच्या आम्ही बचतगटाच्या बाया आज तुमच्याशी बोलतोय.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आपण काय विचारतो? डॉक्टर कोण, खर्च किती, टाके किती, घरी कधी सोडणार. डबा कोण नेणार हेसुद्धा आधीच ठरतं. पण भूल कोण देणार, कोणती देणार, हे किती जणी विचारतात? ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आपण वर्षानुवर्षं घेतो, आणि ज्यांनी तेवढा वेळ आपला श्वास सांभाळला त्या भूलतज्ज्ञांचं नाव कुणाच्या लक्षात नसतं. आमच्याही नव्हतं. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलामुळे आम्ही या विषयात शिरलो आणि शिरल्यावर बरंच काही शिकलो.

मुलगा आठ वर्षांचा. जांघेत गाठ यायची, हर्निया. जवळच्या एका खासगी दवाखान्यात तारीख ठरली. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. भुलीच्या डॉक्टर बाई तपासायला आल्या. त्यांनी विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, स्नायूंचा काही आजार आहे का? सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणालाच काही नाही." त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांच्या घरात खरंच नव्हतं. पण ताईचा सख्खा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, एकोणिसाव्या वर्षी अंथरुणावर गेला होता. माहेरी सगळे म्हणायचे, त्याच्या अंगावरून वारं गेलं. ताई गप्प राहिली. धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं आणि ही गोष्ट सासरी कधीच सांगितलेली नव्हती.

बाईंनी मुलाला लादीवर बसवलं आणि म्हणाल्या, उठ बघू. तो आधी ओणवा झाला, मग गुडघ्यांवर हात टेकले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखा उभा राहिला. पोटऱ्या बघाव्या तर पैलवानाच्या, टणटणीत. घरात सगळे कौतुकानं म्हणायचे, पाय किती भरलेत! बाईंनी ऑपरेशन थांबवलं आणि रक्ताची सीपीके नावाची तपासणी लिहून दिली. मोठ्या माणसाचा हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. या मुलाचा हजारोंत आला.

घरी आरडाओरडा झाला. साधं ऑपरेशन, उगाच पैसे काढायला तपासण्या लावल्या वगैरे. ताई गटाच्या मीटिंगला आली तेव्हा रडली आणि भावाचं पहिल्यांदा सांगितलं. पुढे मुंबईत मोठ्या सरकारी रुग्णालयात जनुकांची तपासणी झाली आणि नाव कळलं, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. ड्यूशेन हे १८६० च्या दशकात या आजारावर लिहिणारे फ्रेंच डॉक्टर.

आता हा आजार आणि भूल यांचा संबंध काय, ते आम्हाला जसं समजलं तसं सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. शंका आली तर आपल्या डॉक्टरांना विचारा, पण विचारण्यापुरतं तरी माहीत असू द्या.

आपल्या उरणकडची मिठागरं तुम्ही बघितलीत. बांध शाबूत असला की पाणी आपापल्या वाफ्यात राहतं. स्नायूच्या प्रत्येक पेशीलाही असाच एक बांध असतो. तो मजबूत ठेवणारा एक पदार्थ आहे, डिस्ट्रॉफिन. ड्यूशेनच्या मुलांच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्यामुळे बांध कच्चा, वापराबरोबर झिजणारा. मूल उशिरा चालतं, पडतं, जिने चढताना कठड्याला लोंबकळतं, आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत बहुतेकांना व्हीलचेअर लागते. पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदयसुद्धा कमजोर होतं, कारण हृदय हाही स्नायूच.

पेशीच्या आत पोटॅशियम नावाचा क्षार भरलेला असतो. पूर्ण भूल देताना घशात नळी घालायची असते, त्यासाठी स्नायू झटकन सैल करणारं एक औषध वापरतात, सक्सिनिलकोलीन. आपल्याकडे डॉक्टर त्याला स्कोलीन म्हणतात. हे औषध आधी सगळे स्नायू एकदम आखडवतं आणि मग सैल करतं. ज्याचे बांध धड आहेत त्याला काही होत नाही. ज्याचे कच्चे आहेत त्याचे शेकडो बांध एकाच वेळी फुटतात, सगळं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. टेबलावर, काही मिनिटांत. १९९० च्या दशकात अमेरिकेत वरवर धडधाकट दिसणारी मुलं अशी दगावल्याची नोंद झाली. त्यांना स्नायूंचा आजार आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर तिथल्या औषध खात्यानं या औषधावर मुलांबाबत ठळक चौकटीत इशारा छापायला लावला.

इथे एक स्पष्ट बोलतो. स्कोलीन हे वाईट औषध नाही. पोट भरलेला, अपघातात सापडलेला माणूस आणला की झटपट नळी घालायला त्यानं किती जीव वाचवलेत. हा कार्यक्रम ऐकून कुणी उद्या दवाखान्यात जाऊन "आम्हाला ते स्कोलीन नको" म्हणून भांडू नका. ज्याला स्नायूंचा आजार आहे किंवा तशी शंका आहे, त्याच्यापुरतीच ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट गॅसची. नाकातोंडावर मास्क ठेवून हुंगवायचा जो गॅस असतो, सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, पूर्वी हॅलोथेन, त्यानंही या मुलांचे स्नायू विरघळू शकतात. कधी ऑपरेशन चालू असताना, कधी शुद्धीवर आल्यानंतर. लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची एक खूण. म्हणून अशा मुलांना गॅस टाळून शिरेतून भूल देतात, प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध सलाईनच्या नळीतून सतत सोडतात. मशीनमध्ये आधीच्या पेशंटचा गॅस उरलेला असतो, म्हणून काही ठिकाणी मशीन आधी धुवून काढतात आणि या मुलाचा नंबर यादीत पहिला लावतात. पहिला नंबर दिला तर वशिला लावला असं शेजारच्या खाटेवरच्यांना वाटतं, आमच्या ताईला तसे टोमणे ऐकावे लागले. स्नायू सैल करायचेच असतील तर रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध आहे. ते या मुलांमध्ये जास्त वेळ टिकतं, म्हणून बेतानं आणि यंत्रावर मोजत द्यावं लागतं.

मग पूर्ण भूल नकोच, कमरेत इंजेक्शन द्या, असं म्हणता येतं का? पुष्कळदा येतं आणि ते चांगलंही असतं. हातापायाचं ऑपरेशन असेल तर तेवढीच नस बधिर करता येते. दात काढायचा तर हिरडीतलं साधं इंजेक्शन बहुतेकांना चालतं. पण या आजारात पाठीचा कणा वाकतो आणि वाकलेल्या कण्यात सुई नेमकी जागी नेणं कठीण जातं. शिवाय लहान मूल शांत पडून राहत नाही. म्हणजे एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. आमच्या ताईच्या मुलाला शिरेतून झोपवलं, कमरेखाली माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला आणि रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरी.

ऑपरेशनपेक्षा त्यानंतरची रात्र जास्त जोखमीची असते, हे आम्हाला नवीन होतं. आधी हृदयाची सोनोग्राफी करतात, तिला टूडी एको म्हणतात. जे मूल धावतच नाही त्याला दम लागलेला दिसत नाही, म्हणून हृदय किती थकलंय ते नुसतं बघून कळत नाही. मग नळीत फुंकायला लावून श्वास मोजतात. अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरला तर नळी काढल्याबरोबर मास्कनं हवा ढकलणारं बायपॅप यंत्र तयार ठेवावं लागतं. नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही. बोटाच्या चिमट्यावर आकडा चांगला दिसतो आणि आत खराब वायू साठत जातो. खोकायची ताकद नसेल तर छातीत कफ अडकतो. झोपेची आणि दुखण्याची कडक औषधं जपून द्यावी लागतात. मूल स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असेल तर त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, उलट ऑपरेशनच्या दिवशी जास्तीचा डोस लागू शकतो.

म्हणून आमचं मत असं आहे: ज्या ठिकाणी अतिदक्षता विभाग नाही, बायपॅप नाही, रात्री भूलतज्ज्ञ नाही, तिथे स्नायूंच्या आजाराच्या माणसाचं ठरवून करायचं ऑपरेशन करू नये. मग ते घराशेजारी असो आणि कितीही स्वस्त असो. काही झालंच तर मोऱ्याहून रात्री मुंबईला न्यायचं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. भाऊच्या धक्क्याची लाँच रात्री नाही, आणि दिवसासुद्धा मोठ्या ओहोटीला गाळामुळे धक्क्याला लागत नाही. १२ जानेवारी २०२४ ला उरणची लोकल आणि अटल सेतू दोन्ही सुरू झाले, रस्ता जवळ आला हे खरं. पण श्वास अडकलेल्या मुलाला त्या पुलाचे जवळजवळ बावीस किलोमीटरही लांबच. तब्येत चांगली असताना, आधी तारीख घेऊन, मोठ्या ठिकाणी जावं.

आता आपल्या बायांबद्दल. ड्यूशेन होतो मुलग्यांना, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. पण दोष येऊ शकतो आईकडून. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता आजाराची आणि प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता वाहक होण्याची. म्हणून चौकशी करताना सासरचं घराणं पुरत नाही. मामा, मावशीची मुलं, आईचे मामा विचारावे लागतात. आपल्याकडे दवाखान्यात बोलतं कोण, तर सासू नाहीतर नवरा. माहेरचं माहीत असलेली एकटी आई मागे पदर सावरत उभी असते. भुलीच्या डॉक्टरांशी आईनं स्वतः बोलावं. सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर "मला एकटीला दोन मिनिटं बोलायचंय" म्हणावं, ते ऐकतात.

आणि आईमुळे झालं म्हणून तिला घालून पाडून बोलणाऱ्यांसाठी एक सांगतो. सुमारे तीनातल्या एका मुलात हा दोष नव्यानंच तयार झालेला असतो, आई वाहक नसतेच. आणि असली तरी कुणी रक्तातलं निवडून आणतं का? आमच्या गटातच एक काकू म्हणाल्या की तिच्या बहिणीचं लग्न आता मोडेल, बोलायलाच नको होतं. त्यावर खूप वाद झाला. शेवटी त्या बहिणीनंच सांगितलं की मला माहीत झालेलं बरं.

बरं का, माहीत असण्याचा उपयोग तिच्या स्वतःच्या जिवालाही आहे. बहुतेक वाहक बायांना वरून काही होत नाही, पण काहींचं हृदय कमजोर असतं. तिनं एको करून घ्यावा आणि सिझेरियन असो, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन असो, पिशवी काढायची असो, भूलतज्ज्ञांना सांगावं.

मायस्थेनिया नावाचा आजार तर तरुण बायांमध्येच बराच दिसतो. सकाळी ठीक, संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, घास चावता चावता जबडा थकतो. सासरी म्हणतात आळशी आहे. अशा बाईला स्नायू सैल करणारी औषधं थोडीशीही जास्त होतात. काही अँटिबायोटिक तिला चालत नाहीत. आणि बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आले की जे मॅग्नेशियमचं इंजेक्शन एरवी जीव वाचवतं, ते तिचा श्वास बंद करू शकतं. कामाच्या घाईत नर्सला हे सुचेलच असं नाही, केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीमध्ये मूठ आवळली की लवकर सुटत नाही. धुणं पिळलं की बोटं तशीच राहतात. बाईला स्वतःला एवढाच त्रास असतो, आणि बाळ अगदी लुळं जन्माला आलं की मग आईचा आजार कळतो. या माणसांना झोपेच्या औषधाचा लहानसा डोसही भारी पडतो, थंडीनं स्नायू आखडतात, आणि स्कोलीननं जबडा असा आवळतो की तोंड उघडत नाही.

अजून एक वेगळी गोष्ट, हा स्नायूंचा आजार नव्हे. काही माणसांच्या रक्तात स्कोलीन मोडणारा पदार्थ जन्मतः कमी असतो. इतरांचा श्वास काही मिनिटांत परत येतो, त्यांना तासन्‌तास यंत्रावर ठेवावं लागतं. ठेवलं तर माणूस बरा होतो. दक्षिणेकडच्या आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळल्याचं डॉक्टर सांगतात, आणि तो समाज आपल्या मराठवाड्यातही आहे. म्हणून घरात कुणी "भुलीतून लवकर उठलाच नाही" अशी गोष्ट असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आम्ही गटात एक कागद तयार केलाय, त्याला भुलीचा कागद म्हणतो. वही-पेन असेल तर लिहून घ्या. वर नाव, वय, वजन. खाली आजाराचं नाव, आणि नाव माहीत नसेल तर जे दिसतं ते: किती महिन्यांनी चालला, किती पडतो, उठताना मांडीवर हात टेकतो का, पोटऱ्या जाड आहेत का. दीड वर्ष झालं तरी मुलगा चालत नसेल तर तेही. मग माहेरच्या आणि सासरच्या नात्यात कुणाला अशक्तपणा होता, कोण लवकर गेलं, कुणाला भुलीत त्रास झाला. मग चालू गोळ्या, स्टेरॉइड असेल तर ते ठळक. मग जुने रिपोर्ट: सीपीके, एको, श्वासाची तपासणी. शेवटी लाल पेनानं, "भूल देण्याआधी स्नायूंच्या आजाराचा विचार व्हावा, स्कोलीन आणि गॅसबद्दल भूलतज्ज्ञांशी बोलायचे आहे." एक प्रत पाकिटात, एक शाळेत बाईंकडे, कारण पडून हात मोडला तर पहिल्यांदा शाळाच दवाखान्यात नेते.

एक गंमत नाही, पण वारंवार घडतं म्हणून सांगतो. या मुलांच्या रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले येतात आणि ते यकृताचे आकडे म्हणून महिनोन्‌महिने काविळीची औषधं चालतात. हे पदार्थ स्नायूंतूनही येतात. कावीळ दिसत नाही, आकडे उतरत नाहीत आणि मुलगा पडतो, तर सीपीके करू का असं डॉक्टरांना विचारा.

कुठे जायचं? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, पथकाला तो उठून दाखवू द्या. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं एक केंद्र आहे. २०२१ च्या त्या धोरणाच्या यादीत ड्यूशेन आणि एसएमए हे दोन्ही आजार आहेत आणि उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती मदत अर्ज केला की लगेच हातात पडते असं समजू नका, ती केंद्रामार्फत आणि ठरावीक उपचारांसाठीच मिळते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांची नावं आहेत त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड काढून घ्या. ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू होते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

आमच्या गटानं ताईला प्रवासासाठी आणि तपासण्यांसाठी अंतर्गत कर्ज दिलं. सगळ्या तयार नव्हत्या. मुलगा बरा होणारा नाही मग पैसे कशाला, असं एकीनं तोंडावर म्हटलं. आजार बरा होणारा नाही हे खरंच आहे. पण हर्निया बरा होणारा होता, आणि आतडं त्यात अडकलं असतं तर घाईत, मिळेल त्या ठिकाणी, मिळेल ती भूल घ्यावी लागली असती. कर्ज मंजूर झालं, हप्ते नियमित येतायत.

ताईची ती धाकटी बहीण आता पाच महिन्यांची गरोदर आहे. लग्न मोडलं नाही. तिचा एको झालाय, वाहक आहे का याची तपासणी पाठवली आहे, आणि भुलीचा कागद तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत टाचणीनं लावलाय. कागदाचा नमुना हवा असेल तर आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे किंवा आशाताईंकडे मागा, झेरॉक्सचा खर्च आम्ही करतो. पुढच्या वेळी पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल बोलू. नमस्कार.